सुपरमॅन मेला ते १९६१ ला की १९९२ ला?

हिरवा पडलेला चेहरा, काचेची शवपेटी, रांगेत उभी राहून अंत्यदर्शन घेणारी माणसं. हे चित्र कुणीतरी शेअर करतं आणि खाली लिहितं, डूम्सडेने मारलेला सुपरमॅन. नाही हो, तो हा नव्हे! हे चित्र १९६१ चं आहे आणि डूम्सडे नावाचा राक्षस कॉमिक्समध्ये आलाच मुळी १९९२ मध्ये.

गल्लत होणं साहजिक आहे म्हणा. दोन्ही गोष्टी 'सुपरमॅनचा मृत्यू' याच नावाने ओळखतात, दोन्ही डीसी या कॉमिक्स कंपनीच्या, आणि दोन्हीकडे त्याची प्रेयसी लोइस लेन हिच्या डोळ्यांसमोर तो जातो. पण आतून बघाल तर दोन्ही मरणांची जातच वेगळी आहे.

पहिली गोष्ट 'सुपरमॅन'च्या १४९ व्या अंकात आली, लेखक जेरी सीगल, म्हणजे सुपरमॅनला जन्म देणाऱ्या दोघांपैकी एक, आणि चित्रं कर्ट स्वॉनची. यात मारामारी जवळजवळ नाहीच, आहे तो विश्वासघात. सुपरमॅनचा जुना शत्रू, शास्त्रज्ञ लेक्स लुथर तुरुंगात बसून कॅन्सरवर औषध शोधतो, सगळ्यांना वाटतं माणूस सुधारला, सुटका होते, सुपरमॅन त्याचा मित्र होतो, आणि जुने गुंड लुथरच्या जिवावर उठतात म्हणून त्याला सुरक्षित राहता यावं यासाठी आकाशात प्रयोगशाळासुद्धा उभारून देतो. त्याच प्रयोगशाळेत लुथर त्याला टेबलाला जखडतो आणि हिरव्या क्रिप्टोनाइटच्या, म्हणजे सुपरमॅनला घातक असलेल्या दगडाच्या, किरणांखाली हळूहळू मारतो, तेही लोइस आणि त्याचे मित्र जिमी ओल्सन आणि पेरी व्हाइट यांना काचेपलीकडून बघायला लावून. चेहरा हिरवा दिसतो तो त्या क्रिप्टोनाइटमुळे. मला आजही ती पानं वाचवत नाहीत. डूम्सडेचे ठोसे परवडले, पण ज्याला मित्र मानलं तोच शांतपणे उभा राहून बघतोय हे फार लागतं.

या अंकावर एक शिक्का आहे, 'काल्पनिक कथा'. त्या काळी डीसीत ही पद्धतच होती, सुपरमॅनचं लग्न, मुलंबाळं, मरण, जे जे नेहमीच्या मालिकेत करता येत नाही ते अशा वेगळ्या कथेत करायचं आणि पुढच्या महिन्यात गाडी परत रुळावर. त्यामुळे ही गोष्ट मूळ कथानकात धरत नाहीत.

१९९२ ची गोष्ट मात्र मूळ कथानकातलीच. 'सुपरमॅन'चा ७५ वा अंक, लेखन आणि चित्रं डॅन जर्गन्सची, पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवली ब्रेट ब्रीडिंगने. विक्रीला आला १८ नोव्हेंबर १९९२ ला, पण अंकावर महिना छापलाय जानेवारी १९९३, म्हणून सालाचाही घोळ होतो. खरं तर त्या सुमारास क्लार्क (म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन) आणि लोइसचं लग्न लावायचं ठरत होतं, पण त्या दोघांवर टीव्ही मालिका येऊ घातली होती म्हणून लग्न पुढे ढकललं, आणि लेखकांच्या बैठकीत जेरी ऑर्डवे नेहमी गमतीत म्हणायचा की मारूनच टाकू त्याला, ते या वेळी खरंच केलं.

या कथेची मांडणी जरूर बघा. शेवटच्या चार अंकांत पानावरच्या चौकटी कमी कमी होत जातात, आधी चार, मग तीन, मग दोन, आणि ७५ व्या अंकात पानभर एकच चित्र. पान उलटलं की ठोसा, पान उलटलं की ठोसा, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच नाही. शेवटी मेट्रोपोलिस या सुपरमॅनच्या शहरात रस्त्यावर तो आणि डूम्सडे दोघंही कोसळतात, सुपरमॅन लोइसच्या मिठीत जीव सोडतो आणि त्याचा फाटका केप काठीला अडकून फडफडत राहतो.

अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आत दंडाला बांधायची काळी फीत आणि डेली प्लॅनेट या कथेतल्या वर्तमानपत्रातला मृत्युलेखसुद्धा. साठ लाखांवर प्रती खपल्याचं सांगतात. कित्येकांनी पुढे किंमत वाढेल म्हणून पिशवी फोडलीच नाही, पण प्रत्येकाकडेच असलेल्या वस्तूला भाव कुठून येणार?

आता खरी मेख. 'खरं' मरण होतं त्यातून सुपरमॅन १९९३ मध्येच परत आला, मधल्या काळात त्याच्या जागेवर चार जण दावा सांगून गेले. आणि 'काल्पनिक' होतं त्यातून तो उठलाच नाही. ती गोष्ट मरणाशी प्रामाणिक आहे, मेला म्हणजे मेला, आता मागे उरलेल्यांचं काय ते बघा. म्हणून मला विचाराल तर १९६१ चीच जास्त मोठी.

त्यातलं एकच दाखवतो. लुथर गुंडांबरोबर जल्लोष करत असतो, तेवढ्यात भिंत फोडून सुपरमॅनची चुलत बहीण सुपरगर्ल आत येते, जी आहे हे तोवर जगाला माहीतच नव्हतं. ती त्याला कँडोरला नेते, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहाचं, क्रिप्टॉनचं, ते शहर जे बाटलीत मावेल एवढं लहान झालंय. तिथे खटला चालतो. लुथर सौदा करू बघतो, मला सोडा, तुमचं शहर मी पुन्हा मोठं करून देतो. वर्षानुवर्षं बाटलीत अडकलेली माणसं ती, आणि ती नाही म्हणतात, आणि त्याला कायमचं फँटम झोनमध्ये, म्हणजे क्रिप्टॉनच्या गुन्हेगारांना भुतासारखं अडकवून ठेवणाऱ्या तुरुंगात, पाठवतात.