ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि पुण्यातील चार फुटी टाकी

पुण्यातील शोभिवंत माशांच्या दुकानांत दीड-दोन इंचांचा, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी असलेला ऑस्कर आज सहज मिळतो. नीट खायला मिळाले तर हाच मासा वर्षभरात दहा इंचांच्या आसपास पोहोचतो, पुढे फुटाहून मोठा होऊ शकतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो, ही माहिती मात्र विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना नंतर कळते. तोवर टाकीतले छोटे मासे संपलेले असतात, झाडे उपटलेली असतात आणि मासा ‘रागीट’ ठरलेला असतो. ऑस्कर ज्या सिक्लिड कुळातला आहे, त्यातील मोठ्या माशांच्या स्वभावाची ही ख्याती बऱ्याच अंशी अपुऱ्या टाक्यांत तयार झाली आहे. ती कशी झाली हे समजण्यासाठी माशांच्या इतिहासाबरोबर काचेचा, विजेचा आणि या शहराच्या पाण्याचा इतिहासही पाहावा लागतो.

सिक्लिड हे गोड्या पाण्यातील माशांच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी एक असून त्यातील 1,700 हून अधिक जातींचे शास्त्रीय वर्णन झाले आहे. बहुतेक जाती आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या आहेत, परंतु हे कुळ आपल्याला अगदीच परके नाही. कोकणातील खाड्यांमध्ये मिळणारा कालुंदर हा सिक्लिडच आहे. ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने 1790 मध्ये त्याचे वर्णन केले आणि केरळने 2010 मध्ये त्याला ‘करिमीन’ या नावाने राज्यमाशाचा दर्जा दिला. कालुंदराचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करमध्ये आढळतात. कालुंदराची जोडी अंडी व पिल्ले राखते, आणि हीच सवय या कुळाच्या स्वभावाची किल्ली आहे. सिक्लिडांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पकडण्याचे काम तोंडाने आणि फोडण्या-चिरडण्याचे काम घशाने, अशी ही विभागणी असल्यामुळे त्यांना नाना प्रकारचे अन्न खाता आले, असे कारेल लीम यांनी 1973 मध्ये मांडले. ऑस्कर खडे तोंडात घेऊन पुन्हा थुंकताना दिसतो, तेव्हा तो खोडी काढत नसून अन्न चाचपत असतो.

ऑस्करचे पहिले शास्त्रीय वर्णन लुई अगासी यांनी 1831 मध्ये ब्राझीलहून आणलेल्या नमुन्यांवरून केले आणि तेव्हा तो समुद्री मासा समजला गेला. त्याच्या शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो. पिरान्हांसारख्या पर कुरतडणाऱ्या माशांना त्यामुळे चकवा बसत असावा, असे मानले जाते. मध्य अमेरिकेतील मोठ्या सिक्लिडांची ओळख जगाला झाली ती प्रामुख्याने 1860 च्या दशकात, ब्रिटिश म्युझियममधील आल्बर्ट ग्युंथर यांच्या कामातून. निकाराग्वाच्या सरोवरांतील मायडस आणि रेड डेव्हिल यांची वर्णने 1864 मधली आहेत. त्याच वर्षीच्या वुल्फ सिक्लिडला ‘डोव्ही’ हे जातिनाम मिळाले ते जॉन डाऊ या जहाजाच्या कप्तानावरून, कारण तो त्या किनाऱ्यांवरून लंडनकडे नमुने पाठवीत असे. पुढे हे मासे हौशी लोकांच्या टाक्यांत आले आणि त्यांपैकी एकाला 1919 ते 1926 या काळातील जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यावरून ‘जॅक डेम्प्सी’ म्हटले जाऊ लागले. या नावामुळे त्या माशाकडे पाहण्याची एक दृष्टीच ठरून गेली, आणि ती माशावर अन्याय करणारी आहे असे माझे मत आहे.

कारण हा राग बहुतांशी राखणीचा असतो. मायडसची जोडी कपारीत किंवा सपाट दगडावर अंडी घालते, त्यांना परांनी वारा घालते, बुरशी धरलेली अंडी वेचून टाकते आणि पिल्ले पोहू लागल्यावर आठवडेच्या आठवडे त्यांच्याभोवती पहारा देते. पिल्ले आईबापांच्या अंगावरचा श्लेष्मही खातात. मायडसवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या जॉर्ज बार्लो यांना असे आढळले की सोनेरी रंगाचे मायडस सारख्याच आकाराच्या करड्या माशांवर सहसा वरचढ ठरतात, कारण तो रंगच समोरच्याला बिचकवतो. पुढे नोबेल मिळालेले कोनराड लोरेन्झ यांनीही सिक्लिडांच्या जोड्यांचे निरीक्षण केले होते. ज्यांच्याशी भांडावे असे शेजारी टाकीतून काढून घेतले की नर आपल्याच मादीवर धावून जातो, आणि काचेपलीकडे दुसरी जोडी दिसत राहिली की हा मारा शेजाऱ्यांकडे वळतो, हे त्यांनी नोंदवले. आज टाकीत जाळीचा किंवा काचेचा पडदा घालून जोडी जमवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. सरोवरात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथेच मिटते. तीन फुटांच्या टाकीत पळायला जागा नसते, त्यामुळे काही सेकंदांत संपायचे भांडण मरेपर्यंत चालते. ज्याला आपण माशाचा स्वभाव म्हणतो, त्यात टाकीच्या लांबीचा वाटा फार मोठा आहे.

मोठी टाकी ही गोष्ट मात्र तुलनेने अलीकडची आहे. पूर्वी टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीने काचा बसवून केल्या जात. त्या जड असत, गंजत, आणि पुटी सुकली की गळत. 1960 च्या दशकापासून सिलिकॉनने काचेला काच चिकटवण्याची पद्धत जगभर रुळत गेली आणि चौकटीची गरज संपली. पुण्यात हे तंत्र येईपर्यंत राहण्याची तऱ्हाही बदलली होती. 1961 च्या पानशेत पुरानंतर नदीकाठचे अनेक वाडे गेले, पुढच्या दशकांत फ्लॅटची वस्ती वाढली आणि टाकी दिवाणखान्यातील भिंतीलगत आली. चार फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच टाकीत सुमारे 450 लिटर पाणी मावते. काच, खडी आणि स्टँड धरून हे वजन अर्ध्या टनाच्या पुढे जाते. ती स्लॅबच्या मधोमध ठेवायची की तुळईलगत, हा प्रश्न म्हणूनच मासा आणण्याच्या आधीचा आहे. एका प्रौढ ऑस्करसाठी मी याहून लहान टाकी सुचवणार नाही, आणि जोडीसाठी सहा फूट लांबी असावी.

विजेची गोष्ट पुण्यापुरती विशेष महत्त्वाची आहे. मोठा मांसाहारी मासा भरपूर घाण करतो. तिच्यातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेट करण्याचे काम फिल्टरमधील जिवाणू करतात, आणि त्यांना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन सतत लागतो. वीज काही तास गेली की बंद फिल्टरमध्ये हे जिवाणू मरू लागतात आणि वीज परतल्यावर तेच कुजलेले पाणी टाकीत येते. महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते त्या वर्षांत बॅटरीवरचा हवेचा पंप हीच बहुतेकांची भिस्त होती. 2006 मध्ये पुण्यात उद्योगांच्या जनरेटर क्षमतेचा आधार घेऊन शून्य भारनियमनाची योजना सुरू झाली. मोठी टाकी चालू ठेवणे त्यानंतर या शहरात पुष्कळ सोपे झाले, असे म्हणायला हरकत नाही. हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे हीटर हीदेखील इथे चैन नसून गरज आहे.

पाण्याचा विषय अधिक नाजूक आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी बेसाल्टच्या डोंगरउतारांवरून पावसाने आलेले असल्यामुळे ते फारसे जड नसते. ऑस्करला ते मानवते. परंतु अशा पाण्यात सामू (पीएच) सावरून धरणारे क्षार कमी असतात आणि जिवाणूंच्या कामात तेही खर्ची पडतात. त्यामुळे पाणी बदलण्यात हयगय झाली की सामू हळूहळू घसरतो, फिल्टर मंदावतो आणि मासा एका कोपऱ्यात काळवंडून उभा राहतो. निकाराग्वाचे आणि त्याहूनही आफ्रिकेतील मलावी सरोवराचे मासे जड, अल्कधर्मी पाण्यातले असतात, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये शिंपले किंवा प्रवाळाची खडी घालण्याची पद्धत पडली. उलट बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरांतील सोसायट्यांमध्ये पाणी मुळातच जड असते आणि तिथे मध्य अमेरिकी मासे जास्त सुखाने वाढतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, शिवाय दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी पुरवठाच बंद राहतो. या दोन्ही कारणांनी जुने हौशी लोक एक-दोन पिंपे भरून ठेवतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणे हे मोठ्या सिक्लिडांच्या बाबतीत कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे आहे. डोक्यावर खड्डे पडण्याचा जो रोग ऑस्करमध्ये दिसतो, त्याच्या कारणांबद्दल मतभेद असले तरी तो खराब पाण्यात आणि निकस अन्नावर बळावतो, यावर सहसा दुमत नसते.

व्यापाराचा ओघ आग्नेय आशियातून आला. लाल ऑस्कर 1960 च्या दशकाच्या अखेरीस थायलंडमध्ये निवड पद्धतीने तयार झाला. तैवानमध्ये 1980 च्या दशकात ब्लड पॅरट हा संकर आला. त्याचे तोंड नीट मिटत नाही आणि त्याला खातानाही कष्ट पडतात, म्हणून त्याची पैदास करणे मला योग्य वाटत नाही. 1990 च्या दशकात मलेशियात फ्लॉवरहॉर्न घडवला गेला. रेड डेव्हिल, ट्रायमॅक आणि मायडस ही त्याच्या पूर्वजांत सांगितली जाणारी नावे आहेत. त्याच्या कपाळावरचा उंचवटा मायडसच्या नरांत विणीच्या काळात दिसणाऱ्या उंचवट्याचेच वाढवलेले रूप आहे. हा उंचवटा आणि अंगावरची चिनी अक्षरांसारखी नक्षी शुभ मानली गेल्याने त्याच्या किमती भडकल्या आणि ती लाट फेंगशुईच्या वाटेने आपल्याकडेही आली. देशात कोलकाता आणि चेन्नईतील कोळत्तूर ही पैदाशीची मोठी केंद्रे आहेत. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यांत घालून तिथून मासे पाठवले जातात.

घरी वाढवणाऱ्यांनी या प्रवासातून काही धडे घेतले. प्रौढ नर-मादी आणून एकत्र सोडण्याऐवजी सहा-आठ पिल्ले एकत्र वाढवून जोडी आपोआप जमू द्यावी, ही त्यातली सर्वांत उपयुक्त रीत आहे, कारण ऑस्करमध्ये नर आणि मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची सवय मात्र पुण्यात अजून गेलेली नाही. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशमधील थायमिनेज या विकरामुळे मोठ्या माशात ब 1 जीवनसत्त्वाची कमतरता होते. चांगल्या पेलेट आणि अधूनमधून कोळंबी यांवर हे मासे उत्तम वाढतात.

एवढे वाढलेले मासे नकोसे झाले की काही जण ते नदीत सोडतात, आणि याचा परिणाम काय होतो हे आपल्या भागाने पाहिले आहे. आफ्रिकेतील मोझाम्बिक तिलापिया हा सिक्लिड 1952 मध्ये श्रीलंकेमार्गे भारतात मत्स्यशेतीसाठी आणला गेला. आज ही तिलापिया, म्हणजेच चिलापी, मुळा-मुठेच्या घाण पाण्यातही तगते, आणि उजनीच्या जलाशयात तर ती मासेमारीतील प्रमुख मासा झाली आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते, त्यामुळे पुण्यात सोडलेला मासा पुण्यापुरता राहत नाही. सिंगापूरच्या जलाशयांत फ्लॉवरहॉर्न सापडले आहेत आणि ऑस्ट्रेलियाने त्यांच्या आयातीवर बंदी घातली आहे. भारतात केंद्र सरकारने 2017 मध्ये शोभिवंत माशांच्या दुकानांची नोंदणी, पाण्याची प्रत आणि टाकीतील दाटी यांविषयी नियम केले होते, परंतु व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. म्हणून मासा किती मोठा होईल आणि त्याला केवढी टाकी लागेल हे दुकानदाराने विकण्याआधी सांगणे, आणि मोठा मासा परत घेण्याची तयारी ठेवणे, या दोन गोष्टींची अपेक्षा तूर्त ग्राहकांनीच धरली पाहिजे.