सील पुन्हा पुन्हा का जातं? जुन्या गाडीतल्या पॉवर स्टिअरिंगच्या गळतीचा माग

गाडी पंधरा-वीस वर्षांची. गेल्या वर्षी रॅकचं (म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणाऱ्या आडव्या यंत्रणेचं) सील किट, तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा संच, बदललेलं असतं आणि यंदाच्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढच्या चाकाजवळ पुन्हा लालसर तेलाचा डाग दिसतो. पुण्यात क्वालिस, पहिली इनोव्हा, स्कॉर्पिओ, जुनी सफारी अशा गाड्या अजून भरपूर धावतात. त्यांच्या स्टिअरिंगला मोटर नव्हे, तेलाचा दाब मदत करतो. एकच गळती वारंवार होते तेव्हा बहुतेकदा फाटलेलं सील बदललेलं असतं, पण ते फाडणारं कारण तसंच राहिलेलं असतं.

टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ बार असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं की पंपाचा दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो. रॅकमधल्या पिस्टनचं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर धरलं, तर ७० बारला साडेपाचशे किलोहून जास्त जोर तयार होतो. पेठेतल्या अरुंद बोळात उभ्या गाडीची चाकं वळवताना नेमका हाच जोर लागतो, आणि सीलची खरी परीक्षाही तेव्हाच होते.

डाग पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल खाली ओघळतं, धावत्या गाडीत वारा ते मागे नेतो. म्हणून आधी पंप, पाइप आणि रॅक डीग्रीझरने स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. बेल्ट आणि अल्टरनेटर मात्र झाकून ठेवावेत. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन आयडलवर ठेवून एकाने स्टिअरिंग आठ-दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, तेल तापतं आणि पंपावर ताण येतो. दुसऱ्याने टॉर्चने पाहावं: पावडर जिथे सर्वांत वर आणि सर्वांत आधी ओली होईल, तिथून गळती. हाताने चाचपू नका. बारीक भोकातून येणारी दाबाची धार कातडीत घुसू शकते.

यानंतर रॅकच्या दोन्ही टोकांवरच्या बूटांच्या (घडीदार रबरी आवरणांच्या) आतल्या बाजूच्या क्लिपा सोडाव्यात. आत ग्रीस असणं ठीक, पण तेल ओतलं गेलं तर रॅकच्या टोकाचं सील गेलेलं आहे. अनेक रॅकमध्ये दोन्ही बूट हवेच्या नळीने जोडलेले असतात, त्यामुळे तेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पोचतं. दोन्ही पुसून घ्या आणि आधी कुठे ओल येते ते बघा.

रॅकचं सील वारंवार जात असेल तर दोष रॉडमध्ये, म्हणजे रॅकमध्ये मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यात, शोधावा. बूट फाटलेला असताना ताम्हिणी घाटातल्या पावसात दोन-चार फेऱ्या झाल्या, की पाणी आणि चिखल आत जाऊन रॉडवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. प्रत्येक वळणाला ते सीलची ओठासारखी कड खरवडतात. रॉड पुसून त्यावरून नख फिरवावं. नख अडकलं, तर नवं सीलही टिकणार नाही. नुसता डाग असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने रॉडभोवती गोल घासावा, लांबीच्या दिशेने कधीच नाही, कारण उभे ओरखडे म्हणजे तेलाला तयार वाट. खड्डे खोल असतील तर रॅक बदलणं किंवा रॉडला हार्ड क्रोम करून ग्राइंड करणं, एवढेच मार्ग उरतात. रॉड वरखाली हलवूनही पाहावा. रॉडला आधार देणारी नळी, म्हणजे बुश, झिजलेला असेल तर रॉड एका बाजूला झुकतो आणि सील तिथेच खातो.

बसवतानाची एक चूक तर फारच सर्रास होते. आतलं सील रॉडच्या दातांवरून सरकवताना कड चिरते. दातांवर पातळ प्लास्टिकचा पत्रा गुंडाळूनच ते घालावं. दुसरी चूक नाना पेठेत पार्टच्या दुकानात काउंटरवरच होते: त्याच मापाचं साधं ऑइल सील घेतलं जातं. साधं सील अर्ध्या बारच्या आसपासच टिकतं. पॉवर स्टिअरिंगचं सील वेगळ्या घडणीचं असतं, म्हणून माप जुळलं तरी गाडीच्या पार्ट नंबरचाच आग्रह धरा.

स्टिअरिंगचा दांडा रॅकमध्ये शिरतो तिथलं पिनियन सील परत जाणाऱ्या तेलाच्या कमी दाबावर चालतं. तेच पुन्हा गळत असेल तर परतीचा पाइप दबलाय का आणि टाकीतली जाळी चोंदलीय का, हे पाहावं. मार्ग अडला की तिथला दाब वाढतो. पंपाचं शाफ्ट सील जात असेल तर बेल्ट जास्त ताणलेला असतो किंवा पंपाचा बुश सैल झालेला असतो. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे, दोन्ही बाजूंना.

दाबाच्या होजला क्लिप लावून जुगाड चालत नाही, तो क्रिम्पच करावा लागतो, म्हणजे टोक मशीनने दाबून बसवावं लागतं. भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक होज प्रेस करून मिळतात. तिथे दाब, तापमान आणि तेलाचा प्रकार सांगूनच होज निवडा.

तेल टाकीच्या झाकणातूनच बाहेर येत असेल तर सील उघडू नका. लेव्हल जास्त भरली असेल तर तापल्यावर तेल फुगून सांडतं. टाकीत फेस असेल तर पंपाच्या ओढीच्या बाजूची ओ-रिंग हवा खेचतेय. तिथून तेल बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते.

तेल कोणतं, ते मॅन्युअलमध्ये किंवा झाकणावर पाहा. बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, सगळ्यांना नाही. ब्रेक ऑइल चुकूनही नको. ते इथलं नायट्राइल रबर फुगवून मऊ करतं. गळती थांबवणाऱ्या बाटल्याही रबर फुगवूनच काम करतात. कडक झालेल्या सीलला त्याने काही दिवस मिळतील, पण खड्डे पडलेल्या रॉडला काहीच नाही.

काम झाल्यावर पुढची चाकं जॅक-स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि लेव्हल भरत राहा. फेस थांबला की इंजिन सुरू करून पुन्हा तेच. टाय रॉड (रॅकला चाकांशी जोडणारे दांडे) सोडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. मग टाकीवर मार्करने रेघ ओढा आणि आठवड्याने थंड इंजिनवर तेल रेघेवर आहे का ते पाहा.