जावा १७ टाकलं, तरी सॉफ्टवेअर सुरू होत नाही?

आमच्या स्टॉक-बिलिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी सर्व्हरवर जावा १७ लागतं (जावा म्हणजे आमचा प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतो ते सॉफ्टवेअर), हे अपडेटसोबत आम्ही कळवलं होतं. बहुतेकांनी ते टाकलंही. तरी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला एकच फोन पुन्हा पुन्हा येतो: "जावा नवीन आहे, आम्ही तपासलं, पण ब्राउझरमध्ये ४०४ येतंय." ४०४ म्हणजे 'हे पान सापडलं नाही'. त्यासाठी हे पत्रक. सर्व्हरच्या मशीनशेजारी लावून ठेवा.

आधी डेटाबद्दल. घाबरून कालचा बॅकअप चढवू नका. जावा जुनं असलं की आमचा प्रोग्राम सुरू होण्याआधीच अडतो, डेटाबेसपर्यंत पोहोचतच नाही. बिलं, स्टॉक, उधारी सगळं जिथल्या तिथे असतं. बॅकअप चढवलात तर त्यानंतर फाडलेली बिलं मात्र खरोखर जातील, आणि बिघाड होता तसाच राहील.

आता तपासणीकडे येऊ, कारण सगळा वेळ इथेच जातो. तुम्ही किंवा तुमचे हार्डवेअरवाले कमांड विंडो उघडून जावाची आवृत्ती विचारता आणि उत्तर १७ येतं. ते उत्तर खरंच आहे, पण ते फक्त त्या विंडोपुरतं. पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, जे जावा आधी सापडतं ते ती विंडो सांगते. आमचं सॉफ्टवेअर त्या विंडोतून चालत नाही. ते टॉमकॅट या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या सर्व्हिसमधून, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या भागातून, चालतं, आणि कोणतं जावा वापरायचं याची नोंद त्या सर्व्हिसकडे वेगळी असते. सर्व्हिस बसवली तेव्हा मशीनवर जावा ११ होतं, तर नोंद ११ च्या फोल्डरची. जावा होम (जावाचं फोल्डर सांगणारी विंडोजची सेटिंग) बदला, पाथ बदला, मशीन कितीही वेळा रीस्टार्ट करा, सर्व्हिस त्याच जुन्या फोल्डरकडे जाते.

ती नोंद बदलायची अशी. स्टार्ट मेनूत टॉमकॅटच्या गटात 'कॉन्फिगर टॉमकॅट' आहे. ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'जावा' टॅबवर जा. सगळ्यात वरच्या रकान्यात एक लांबलचक पत्ता दिसेल, शेवटी 'जेव्हीएम डॉट डीएलएल' असलेला. फोल्डरच्या नावात ८ किंवा ११ दिसलं की दुखणं सापडलं. 'यूज डिफॉल्ट'ची खूण असेल तर काढा. मग जावा १७ च्या फोल्डरात 'बिन', त्यात 'सर्व्हर', आणि त्यातली त्याच नावाची फाइल निवडा. जावा ६४ बिटचंच हवं.

त्याच टॅबवर खाली ऑप्शन्सची चौकट आहे. जुन्या सर्व्हरवर तिथे 'मॅक्सपर्मसाइज' नावाची ओळ राहिलेली असते. जावा ८ ने ती दुर्लक्षून चालवून घेतली, १७ ती ओळखत नाही आणि सुरूच व्हायला नकार देतं. ती अख्खी ओळ काढा. मग 'अप्लाय' करून सर्व्हिस थांबवा आणि पुन्हा चालू करा.

खात्री लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामने लिहून ठेवलेल्या नोंदींत होते. टॉमकॅटच्या 'लॉग्ज' फोल्डरात आजच्या तारखेच्या फाइली असतात. सर्व्हिस अजून जुन्या जावावर असेल तर त्यात 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' असे शब्द आणि पुढे दोन आकडे सापडतील, उदाहरणार्थ ६१.० आणि ५५.०. पहिला आकडा प्रोग्रामला काय हवं ते सांगतो, दुसरा तुमचं जावा कुठपर्यंत पोहोचतं ते. प्रत्येक आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते: ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८. जावा ८ मशीनवर '१.८' असंही दिसतं. सर्व्हिस ८ वर असेल तर ४०४ सुद्धा दिसणार नाही, कारण आम्ही दिलेल्या टॉमकॅट १०.१ लाच किमान ११ लागतं. तेव्हा सर्व्हिस उभीच राहत नाही.

जुनं जावा मात्र काढून टाकू नका. मशीनवरचं दुसरं एखादं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत असेल, तर ते बंद पडेल. दोन जावा एका मशीनवर सुखाने नांदतात. नवं घेताना आम्ही ॲडॉप्टियम या प्रकल्पाचं टेमुरिन नावाचं जावा सुचवतो, धंद्याच्या वापरालाही ते मोफत आहे. जावाची मालक कंपनी ओरॅकलने जावा ८ चे धंद्यासाठीचे मोफत अपडेट जानेवारी २०१९ नंतर थांबवले, तेव्हा दिसेल तिथून डाउनलोड करणं टाळा.

"चालत होतं ना, मग बदललं कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. आमचं सॉफ्टवेअर स्प्रिंग बूट या जावाच्या तयार सांगाड्यावर बांधलेलं आहे. त्याची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि ती जावा १७ च्या खाली चालत नाही. आधीच्या २.७ ची मोफत देखभाल नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली. तुमच्यापैकी कित्येकजण आता घरून मोबाइलवर स्टॉक बघतात, म्हणजे सर्व्हर इंटरनेटला जोडलेला आहे. ग्राहकांची नावं, जीएसटी क्रमांक, येणी-देणी असलेला सर्व्हर सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या पायावर ठेवणं आम्हाला पटत नाही.

एवढं करूनही अडलं तर फोन करण्याआधी 'लॉग्ज' फोल्डरातल्या आजच्या फाइली झिप करून पाठवा, शिवाय त्या 'जावा' टॅबचा स्क्रीनशॉट. आम्ही दरवेळी लॉग मागतो याचा काहींना राग येतो. पण स्क्रीनच्या मोबाइल फोटोत फक्त ४०४ दिसतो, आणि ४०४ ची कारणं अनेक असतात. लॉग हातात असला की नेमकी ओळ दाखवता येते.

वार्षिक देखभाल करारातल्या ग्राहकांनी यातलं काहीही स्वतः करायची गरज नाही. दुकान बंद झाल्यावरची वेळ कळवा, आम्ही रिमोटवर सर्व्हिसची नोंद बदलून, एक चाचणी बिल काढून दाखवतो. करार नसेल तर हेच काम एकवेळच्या आकारात होतं, आणि त्याच महिन्यात करार केलात तर तो आकार करारातून वजा होतो. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही कोणाच्याही सर्व्हरवर आवृत्ती बदलत नाही. ज्यांचं राहिलं आहे त्यांनी त्याआधीची तारीख घ्यावी.