सर्व्हर नसलेल्या ॲपवरची पोस्ट कधीच हरवत नाही?

‘सर्व्हर नसलेल्या ॲपवरची पोस्ट सगळ्यांच्या फोनात जाते, ती कधीच हरवत नाही,’ असा निरोप फिरतो आहे.

अशा ॲपांत पोस्ट सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मधल्या संगणकावर नाही, तर लोकांच्या फोनांतच राहते. पण बऱ्याच ॲपांत तिची प्रत फॉलो करणाऱ्यांकडेच उतरते, तीही देणारा-घेणारा फोन एकाच वेळी ऑनलाइन असला तरच. समजा 3 प्रती आहेत, प्रत्येक फोन दिवसाला 6 तास ऑनलाइन, म्हणजे 24 पैकी 18 तास (0.75) बंद. तिन्ही एकदम बंद असण्याची शक्यता 0.75 × 0.75 × 0.75, म्हणजे सुमारे 42 टक्के. आणि लोडशेडिंगमध्ये गावचा टॉवरच गेला, की तिन्ही सोबतच गेले! एक प्रत नागपूरच्या भाच्याकडे असलेली बरी.

तपासायला नवं खातं काढा, दुसऱ्या एकाच फोनवरून फॉलो करा. त्या फोनचं इंटरनेट बंद करून पोस्ट टाका, मग आपला फोन एअरप्लेन मोडवर ठेवून त्या दुसऱ्या फोनचं इंटरनेट सुरू करा. पोस्ट दिसली, तर मध्ये कुठेतरी सर्व्हर किंवा दुसऱ्या कुणाचा फोन ती साठवतो आहे.