पीटर डॉसन

डॉसन, पीटर : (३१ जानेवारी १८८२–सप्टेंबर १९६१). ऑस्ट्रेलियन गायक व गीतरचनाकार. जन्म अ‍ॅडलेड येथे. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. वडिलांचा नळकामाचा धंदा होता. पीटरही काही काळ त्याच धंद्यात राबला. चर्चच्या गायनवृंदात आवाज घडला आणि लंडनला जाण्याआधीच ऑस्ट्रेलियातल्याच बॅलरॅट गावच्या साउथ स्ट्रीट स्पर्धेत त्याने बक्षीस पटकावले.

१९०२ साली तो लंडनला गेला व नामवंत इंग्रज गायक चार्ल्स सँटली यांच्याकडे गाणे शिकला. १९०९ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या संगीतनाट्यगृहाच्या ऑपेरात छोटी भूमिका केली, पण त्या रंगमंचावर तो रमला नाही. त्याचे खरे व्यासपीठ ग्रामोफोनचा कर्णा. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणात रेघ ओढायची. अशा यंत्रापुढे नाजूक हरकती वाया जात. डॉसनचा बास-बॅरिटोन (पुरुषी खर्जाकडे झुकणारा) आवाज मात्र घट्ट, एकसंध होता, आणि शब्द इतके स्वच्छ की खरखरीतूनही ऐकू येत. १९०४ साली त्याने मेणाच्या नळकांड्यांवर गायला सुरुवात केली. १९०६ पासून तो ग्रामोफोन कंपनीचा झाला. (आपल्याकडे नाट्यपदे घरोघरी पोचवणारी ‘कुत्रा छाप’ कंपनी ती हीच.)

त्याची टोपणनावे मोजायला बसले तर गोंधळ उडतो. फ्रँक डॅनबी तोच, विल स्ट्राँगही तोच. स्कॉटिश विनोदी गाणी गाताना तो हेक्टर ग्रँट होई. एकाच गळ्याच्या तबकड्या वेगवेगळ्या गायकांच्या म्हणून विकल्या जात!

स्वतःच्या चालींवर त्याने जे. पी. मॅकॉल हे नाव घातले. त्यांतली सर्वांत गाजलेली ‘बूट्स’ (१९२८). शब्द मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगचे. बोअर युद्धात आफ्रिकेत अखंड चालत राहिलेल्या शिपायाला पुढच्याचे वरखाली होणारे बूटच दिसत राहतात आणि डोके फिरू लागते. डॉसनने त्याला कवायतीचा ठेका दिला. तो गोड नाही, अंगावर येतो. गायक म्हणून त्याची थोरवी सगळेच सांगतात, रचनाकार म्हणून मात्र या एका चालीवरही त्याला मान द्यायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियन गीतकार जॅक ओहेगनचे ‘अलाँग द रोड टू गंडगाय’ त्याने १९३१ मध्ये गायले. ते मुद्रण पुढे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या निवडक यादीत आले. १९३९ मध्ये तो मायदेशी परतला. ‘फिफ्टी इयर्स ऑफ साँग’ हे आत्मचरित्र १९५१ मध्ये निघाले. निधन सिडनी येथे.