वीजतारांवरील संदेशमार्गाचे सांख्यिकीय प्रतिमान

वीजपुरवठ्याच्या तारांवरून पाठवलेला संदेश वाटेत किती क्षीण होतो, किती विखुरतो आणि त्यात किती गोंगाट मिसळतो, याचे संभाव्यतेच्या भाषेतले वर्णन. या संदेशवहनाला पॉवर लाइन कम्युनिकेशन किंवा पीएलसी म्हणतात. मीटरवाचनासाठी साधारण 3 ते 500 किलोहर्ट्झचा पट्टा वापरतात, घरातल्या इंटरनेटसाठी 2 मेगाहर्ट्झच्या वरचा.

तार ओढलेली असते 50 हर्ट्झच्या विजेसाठी. प्रत्येक फाट्यावर आणि मोकळ्या टोकावर संदेशलहरीचा काही भाग परत फिरतो, त्यामुळे एकच संदेश मागेपुढे अनेक वाटांनी पोचतो. त्सिमरमन आणि डोस्टर्ट यांनी 2002 मध्ये मांडलेल्या बहुपथ प्रतिमानात प्रत्येक वाटेला स्वतःची लांबी, भारांक (एकूण संदेशातला वाटा) आणि वारंवारतेबरोबर वाढणारे क्षीणन असते. जाळ्याचा नकाशा हाती नसेल, आणि तो बहुधा नसतोच, तर हे आकडे यादृच्छिक धरतात. डेसिबेलमधले क्षीणन सामान्यतः प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वितरणाच्या जवळ जाते आणि क्षीणन जास्त तिथे संदेशाचे वेळेतले विखुरणेही जास्त आढळते. गोंगाटाचे पाच प्रकार मानतात; त्यांतले विजेच्या लयीशी बांधलेले झटके आपल्याकडे दर 10 किंवा 20 मिलिसेकंदांनी येतात.

ही वितरणे मुख्यतः शहरी जाळ्यांवरच्या मोजमापांतून आली आहेत. विदर्भातल्या खेड्यात ती जशीच्या तशी लावणे धोक्याचे. इथे डीपीपासून (वितरण रोहित्रापासून) उघडी ॲल्युमिनियमची तार वावरांतून विहिरीपर्यंत जाते आणि टोकाला मोटर असते, सोबत बहुधा कपॅसिटर. 20 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 50 हर्ट्झला सुमारे 159 ओहम दाखवतो, पण 100 किलोहर्ट्झला, जोडतारेचे इंडक्टन्स सोडले तर, 0.08 ओहम. म्हणजे संदेशापुरता तो जवळजवळ शॉर्टच.

शेतीपंपांची थ्री फेज लाइन पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. लाइन आली की ऑटोस्विचवर टाकलेल्या मोटरी एकदमच सुरू होतात. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत असे रोज घडते. भर पावसाळ्यात कास्तकार मोटर क्वचितच लावतो. अशा लाइनीच्या क्षीणनाचा आलेख एका घंटेसारखा नसून दोन उंचवट्यांचा असणार, आणि सरासरी पडणार नेमकी मधल्या खोलगटात, जिथे लाइन फारशी नसतेच. म्हणून सगळी मोजमापे एकत्र करून एकच वितरण बसवण्यापेक्षा मोटर चालू, मोटर बंद अशा अवस्था धरून प्रत्येकीचे वेगळे वितरण घेणे आणि अवस्थाबदलासाठी मार्कोव्ह साखळी (पुढची अवस्था फक्त आताच्या अवस्थेवरून ठरवणारे संभाव्यतेचे प्रतिमान) वापरणे अधिक योग्य. गावठाण फीडर, म्हणजे गावातल्या घरांची लाइन, वेगळा केलेला असेल तर त्याचे प्रतिमानही स्वतंत्र हवे; तिथे भर एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर यांच्या गोंगाटाचा.

रोहित्रातून हा संदेश फारसा पार होत नाही, म्हणून मीटरांची माहिती गोळा करणारे यंत्र प्रत्येक डीपीवर लागते. उच्चदाब वितरण प्रणालीत एका-दोन पंपांमागे एक छोटे रोहित्र असते. तिथे तार आखूड, फाटे कमी, प्रतिमान सोपे; पण दोन मीटरांसाठी एक यंत्र बसवणे परवडत नाही.