हॉलीहॉक : खालून वर वाचायचं झाड

भेंडीचं फूल कधी जवळून पाहिलं असेल, तर हॉलीहॉक परकं वाटणार नाही. पाच पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांची जुळून झालेली दांडी. भेंडी, कापूस, अंबाडी, जास्वंद आणि हे, सगळं एकच गोत. हिंदी मुलखात याला गुलखैरा म्हणतात. आपल्या रोपवाटिकांत मात्र हॉलीहॉकच मागावं लागतं.

थंड देशांत हे झाड दोन वर्षं घेतं. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर, मग कडाक्याची थंडी, आणि दुसऱ्या वर्षी सहा-सात फुटांचा तुरा. आपल्याकडे ती थंडी नाही आणि पुढचा उन्हाळा त्याला सोसत नाही. म्हणून बी घेताना एकाच हंगामात फुलणारी जात मागून घ्यावी. नुसत्या पाकिटावरच्या चित्राला भुललात, तर मार्चपर्यंत पानंच मोजत बसाल.

सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की बी टाकावं, अर्धा सेंटिमीटर खोल. सोटमूळ सरळ खाली जातं. ते दुखावलं की रोप रुसतं. त्यामुळे जागेवरच पेरावं, नाहीतर चार पानांवर असतानाच मातीच्या गोळ्यासकट हलवावं. कुंडी पसरट नको, खोल हवी. ऊन भरपूर, दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर, आणि तुरा वर सरकू लागला की काठीचा आधार.

आता खरं दुखणं. खालची पानं उलटून पाहा. नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसल्या, तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला आयुष्याचा फेरा पुरा करायला पाच प्रकारचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, आणि गव्हाखेरीज दुसरं एक यजमान, म्हणजे तिला पोसणारं, झुडूप लागतं. हॉलीहॉकच्या तांबेऱ्यानं हा सगळा पसारा टाकून दिला आहे. दोनच प्रकारचे बीजाणू, आणि यजमान याच गोतातला. त्या पुटकुळ्यांतले बीजाणू विश्रांतीवाचून, ओल मिळताच तिथेच रुजतात. त्यांच्यापासून बारीक बीजाणू सुटतात आणि वाऱ्यावर शेजारच्या पानावर जातात. मूळचा हा चिलीचा. १८७३ मध्ये तो इंग्लंडात पोहोचला आणि सॅफ्रन वॉल्डनच्या विल्यम चेटर यांच्यासारख्यांनी जोपासलेल्या भरगच्च पाकळ्यांच्या जातींवर तुटून पडला. चेटर यांच्या नावानं बी आजही विकलं जातं, एवढं बरं.

औषधाआधी सवय बदलावी. पाणी सकाळी आणि बुंध्याशी, पानांवर फवारा नको. पान रात्रभर ओलं राहिलं की बीजाणूचं फावतं. पुटकुळ्यांची पानं खुडून पिशवीत बांधून टाकावी, खतखड्ड्यात अजिबात नको. खालची पानं मी तर निरोगी असतानाच काढते. बुंधा उघडाबोडका दिसतो, पण हवा खेळते. पुढे शेवंती किंवा झेंडू लावला की ते झाकलंही जातं.

फुलंही खालून वर उमलतात. जपानात म्हणतात, तुऱ्याच्या टोकाला फूल आलं की तिथला पावसाळा सरला. आपल्याकडे तोवर मार्च सरत आलेला असतो. फुलात आधी पराग पिकतात, स्त्रीकेसराचे धागे मागाहून बाहेर येतात. म्हणजे बी धरायला बहुधा दुसऱ्या फुलावरून आलेली मधमाशी लागते. परागकण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा मोठा आणि काटेरी असतो. माशी बाहेर पडते ती पिठात लोळल्यासारखी.

वर कळ्या असतानाच खालची बोंडं वाळू लागतात. आत चपट्या बियांची चकती असते, नाण्यांची चवड वाकवून गोल केल्यासारखी. तपकिरी झाली की काढून कागदी पुडीत ठेवावी. गुलाबीशेजारी पांढरं लावलं असेल, तर पुडीवर रंग लिहिण्यात अर्थ नाही. मधमाशीनं काय केलंय ते पुढच्या हंगामातच कळणार.